अपुऱ्या यंत्राचा धनी : चार्ल्स बॅबेज

मधल्या सुट्टीत शाळेच्या संगणककक्षावरून जाताना जो गलबला कानी पडतो, तो गणिताचा क्वचितच असतो. बहुधा तो खेळांचा असतो. पडद्यावर कोणी मोटार दामटीत असतो, कोणी शत्रूचे किल्ले पाडीत असतो, आणि एखादी तरी जोडी साध्या फुलीगोळ्यात यंत्रावर मात करण्याच्या खटपटीत असते. या खेळगड्यांपैकी एकाने मध्यंतरी आम्हांस विचारले, की यंत्राला खेळ शिकवावा हे प्रथम कोणाच्या मनात आले असेल? त्या वेळी आम्हांस उत्तर देता आले नाही. ते शोधीत शोधीत आम्ही ज्या पुरुषापाशी येऊन पोहोचलो, त्याचे नाव पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. संगणकाचा जनक, एवढेच त्याच्याविषयी सांगितले जाते. हा जनक जन्मभर एकही मोठे यंत्र पुरे करू शकला नाही, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

चार्ल्स बॅबेज याचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडन येथे झाला. वडील बेंजामिन हे सधन पेढीवाले. नवे खेळणे हाती आले, की त्याच्या पोटात काय आहे हे आईला विचारावयाचे आणि उत्तराने समाधान झाले नाही तर ते फोडून पाहावयाचे, असा या मुलाचा क्रम असे. एकदा आईने त्याला मर्लिन नावाच्या एका कारागिराचे प्रदर्शन दाखविण्यास नेले. मुलाची जिज्ञासा पाहून त्या कारागिराने त्यांना माडीवरच्या आपल्या कार्यशाळेत नेले. तेथे सुमारे फूटभर उंचीची चांदीची एक नर्तकी होती; तिच्या बोटावर एक पक्षी बसलेला असून किल्ली दिली की ती डौलाने हालचाल करी. या नर्तकीची पुन्हा गाठ पडावयाची आहे.

१८१० साली बॅबेज केंब्रिजला गेला. तेथे न्यूटनच्या अभिमानापायी कलनशास्त्रात न्यूटनची ठिपक्यांची चिन्हेच वापरण्याचा हट्ट चालू होता. युरोपच्या मुख्य भूमीवर लाइब्नित्सची सोयीची चिन्हे रूढ होऊन गणित कितीतरी पुढे गेले होते. जॉन हर्शेल व जॉर्ज पीकॉक या मित्रांसह बॅबेजने १८१२ साली एक मंडळ स्थापिले, आणि १८१६ साली लाक्रवा या फ्रेंच गणितज्ञाच्या ग्रंथाचे भाषांतर तिघांनी प्रसिद्ध केले. विद्या परदेशातून आली म्हणून ती परकी होत नाही, हे त्या तरुणांना उमगले होते. आमच्याकडे आजही पुष्कळांना ते उमगलेले दिसत नाही, असो.

१८२१ साली बॅबेज व हर्शेल खगोलशास्त्राची कोष्टके तपासावयास बसले होते. आजच्या विद्यार्थ्यांस लॉगॅरिथमच्या कोष्टकांचे पुस्तक कदाचित ठाऊक नसेल. आमच्या पिढीने ते परीक्षेच्या मेजावर उलगडून ठेविलेले आहे. त्या काळी नौकानयन, खगोल, विमा, बांधकाम या सर्वांचा आधार अशी छापील कोष्टके होती. ती तयार करण्यासाठी माणसे आकडेमोड करीत, दुसरी माणसे ती उतरवून घेत, आणि छापखान्यात खिळे जुळविणारे आणखी निराळे. तीनही ठिकाणी चुका शिरत. ज्यांच्या घरची माणसे बोटीवर आहेत, आणि गोव्यात अशी घरे थोडी नाहीत, त्यांना हे समजण्यास कठीण जाऊ नये, की भर समुद्रात एका आकड्याच्या चुकीने गलबत कोठच्या कोठे जाई. चुकांवर चुका सापडू लागल्या तेव्हा त्रासून बॅबेजला वाटले, की ही गणिते वाफेच्या बळावर चालणाऱ्या यंत्राने केली तर किती बरे होईल. इतरांनी हा उद्गार हसण्यावारी नेला असता. बॅबेजने त्यास आपले आयुष्य वाहिले.

त्याची युक्ती समजण्यास आठवीचे गणित पुरे. १, ४, ९, १६, २५ या वर्गसंख्या घ्याव्या. त्यांतील लागोपाठच्या संख्यांचे फरक ३, ५, ७, ९ असे येतात. या फरकांचे पुन्हा फरक काढले तर प्रत्येक वेळी २ हाच आकडा येतो. म्हणजे उलट दिशेने निघाल्यास गुणाकार मुळीच न करता, केवळ बेरजेवर बेरीज करीत, हव्या तेवढ्या वर्गसंख्या मिळविता येतात. अवघड कोष्टकेही अशाच फरकांच्या पायऱ्या लावून जवळजवळ तंतोतंत काढता येतात. बेरीज तर दातेरी चाकांना करता येते! आणि उत्तराचा ठसाही यंत्रानेच उमटविला, तर उतरविणारा नको आणि खिळे जुळविणाराही नको. या यंत्रास त्याने डिफरन्स एंजिन, म्हणजे फरकांचे यंत्र, असे नाव दिले.

जून १८२२ मध्ये लहान नमुन्याची वार्ता विद्वानांपुढे आली, आणि १८२३ साली इंग्लंडच्या सरकारने प्रथम १,५०० पौंड दिले. जोसेफ क्लेमंट नावाचा अत्यंत निष्णात यंत्रकार कामावर ठेविला गेला. यापुढची हकीकत वाचताना आम्हांस खेदही झाला आणि थोडा रागही आला. बॅबेजला एखादी सुधारणा सुचली, की झालेले काम बाजूस पडे आणि नवा आराखडा सुरू होई. त्यात १८२७ साली वडील, पत्नी जॉर्जियाना आणि मुलगा चार्ल्स हे एकाच वर्षात निवर्तले. तो काही काळ युरोपात हिंडत राहिला. दहा वर्षांच्या खटपटीनंतर १८३२ च्या अखेरीस यंत्राच्या गणना करणाऱ्या भागाचा सुमारे एक-सप्तमांश तेवढा जुळून उभा राहिला. तो उत्तम चालला. परंतु पुढच्याच वर्षी कार्यशाळेच्या स्थलांतरावरून आणि पैशांवरून क्लेमंटशी तंटा होऊन काम थांबले, ते कायमचे. त्या धंद्यातील रूढीप्रमाणे काम करताना तयार केलेली हत्यारे कारागिराची होत, मग त्यांचा खर्च कोणीही सोसलेला असो. क्लेमंटने आपली हत्यारे ठेवून घेतली. १७,००० पौंडांहून अधिक रक्कम खर्ची पडल्यावर १८४२ साली सरकारने अधिकृतपणे अंग काढून घेतले. दोष कोणाचा? आमच्या मते तिघांचाही. तथापि अधिक वाटा बॅबेजच्याच पदरी घालावा लागेल. जे तयार आहे ते आधी पुरे करावे, हा विवेक त्याच्यापाशी नव्हता.

याच सुमारास ती चांदीची नर्तकी मोडक्या स्थितीत लिलावास निघाली. बॅबेजने ती विकत घेतली, स्वतः दुरुस्त केली, आणि आपल्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत मांडली. त्याच्या घरच्या सायंकालीन मेजवान्यांस लंडनमधील बडी मंडळी येत. सारे त्या नर्तकीभोवती गर्दी करीत. शेजारच्या दालनात फरकांच्या यंत्राचा तो अपुरा तुकडा ओस पडलेला असे. एके संध्याकाळी त्याच्यापाशी दोघेच जण उभे होते, आणि दोघेही परदेशी. अमेरिकेहून नुकताच आलेला एक गृहस्थ हॉलंडच्या एका प्राध्यापकास ते यंत्र समजावून सांगत होता. हा प्रसंग बॅबेजच्या मनाला फार लागला, हे त्याच्या आत्मवृत्तावरून कळते.

१८३४ पासून त्याच्या डोक्यात दुसरेच, याहून पुष्कळ मोठे यंत्र घोळू लागले होते. पहिल्या यंत्रास एकच रीत ठाऊक. या नव्या ॲनॅलिटिकल एंजिनास जी रीत सांगावी ती त्याने चालवावी अशी कल्पना होती. संख्या साठविण्यास एक कोठार आणि त्यांवर क्रिया करण्यास एक गिरणी, असे त्याचे दोन भाग. आज्ञा द्यावयाच्या त्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी. ही शेवटची युक्ती त्याने जॅकार्ड या फ्रेंच विणकराच्या मागावरून घेतली. या मागावर सुमारे २४,००० पुठ्ठ्यांच्या साहाय्याने रेशमात विणलेले खुद्द जॅकार्डचे एक चित्र बॅबेजजवळ होते, आणि प्रथमदर्शनी लोक ते छापील चित्रच समजत. मागाला पुठ्ठा बदलला की नक्षी बदलते. या यंत्राला पुठ्ठे बदलले की गणित बदलेल. आजचा संगणक मूळ स्वरूपात याहून निराळा नाही.

या यंत्राचे पेटंट त्याने घेतले नाही. १८४० साली तो इटलीतील तुरिन येथे गेला आणि जमलेल्या शास्त्रज्ञांपुढे आपली सारी योजना त्याने उघडी केली. तेथे मेनाब्रेआ नावाचा एक तरुण लष्करी अभियंता होता. तोच पुढे इटलीचा पंतप्रधान झाला. त्याने टिपणे घेऊन १८४२ साली फ्रेंच भाषेत लेख लिहिला. कवी बायरनची कन्या एडा लव्हलेस हिने त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट भरतील अशा टीपा जोडून १८४३ साली ते प्रसिद्ध केले. बर्नुली संख्या काढण्यासाठी यंत्राने कोणत्या पायरीनंतर कोणती पायरी घ्यावी, याचा संपूर्ण तक्ता त्यात आहे. यंत्र आकड्यांप्रमाणेच संगीताच्या स्वरांवरही क्रिया करू शकेल, परंतु स्वतः होऊन नवे काही निर्माण करण्याचा दावा ते करू शकत नाही, हे तिचे मत आजही वादविवादांत निघते. या लेखास सरकारवर ताशेरे ओढणारी एक निनावी पुरवणी जोडावी असा बॅबेजचा आग्रह होता. सत्तावीस वर्षांच्या एडाने तो साफ नाकारला, आणि आमच्या मते तिने योग्यच केले.

आता ज्या प्रसंगासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला, तो सांगतो. १८३४ साली डायोनिसियस लार्डनर याने ‘एडिंबरा रिव्ह्यू’ या नियतकालिकात बॅबेजच्या पहिल्या यंत्राविषयी दीर्घ लेख लिहिला होता. तो स्टॉकहोममधील गेओर्ग शॉइट्स नावाच्या मुद्रक-प्रकाशकाच्या वाचनात आला. लेखात यंत्राचे तत्त्व होते. चाकांची व तरफांची बारीक रचना नव्हती. शॉइट्सचा मुलगा एडवर्ड १८३७ साली सोळा वर्षांचा, म्हणजे आमच्या दहावीतील मुलांएवढा होता. बापाने दाखविलेल्या त्या लेखाच्या आधाराने त्याने यंत्राची जुळणी स्वतःच्या बुद्धीने करावयास आरंभ केला. १८४३ पर्यंत नमुना तयार झाला, आणि पुढे स्वीडनच्या विधिमंडळाची मदत मिळून १८५३ साली पूर्ण यंत्र उभे राहिले. ते पंधरा अंकी संख्यांवर चार पायऱ्यांच्या फरकांनी काम करी आणि उत्तराचा ठसा उमटवी. बॅबेजला सरकारी पैसा व इंग्लंडमधील सर्वोत्तम कारागीर लाभूनही जे साधले नव्हते, ते स्वीडनमधील एका बापलेकांनी एका नियतकालिकातील लेखावरून साधले!

१८५४ साली हे दोघे आपले यंत्र घेऊन लंडनला आले, तेव्हा बॅबेज साठी उलटलेला, स्वभावाने तिखट, आणि आपल्या मानभंगाची यादी तोंडपाठ असलेला गृहस्थ होता. त्यांच्या मनात धाकधूक नसती तरच नवल. परंतु त्याने त्यांचे मोकळ्या मनाने स्वागत केले. त्याचा मुलगा हेन्री हा हिंदुस्थानात बंगालच्या फौजेत अधिकारी असून त्या वेळी रजेवर घरी आला होता. त्याने स्वीडिश यंत्राचे मोठमोठे आराखडे काढून १८५५ साली ग्लासगोच्या विद्वत्सभेपुढे ते विशद केले. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात यंत्रास सुवर्णपदक मिळाले. रॉयल सोसायटीने शॉइट्स पितापुत्रांस पदक द्यावे, यासाठी बॅबेजने सोसायटीस उद्देशून लिहिले व ते प्रसिद्ध केले. ते यंत्र अमेरिकेतील ऑल्बनी येथील डडली वेधशाळेने १८५७ साली घेतले. त्याची दुसरी प्रत इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी खात्यासाठी तयार झाली, आणि १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या आयुर्मानाच्या कोष्टकांपैकी काही तीवर निघाली. शॉइट्सनी यंत्राने काढलेल्या नमुना-कोष्टकांचे पुस्तक छापले, ते बॅबेजला अर्पण केले.

येथे एक गोष्ट लपविणे बरे नव्हे. शॉइट्स पितापुत्रांनी आपल्या यंत्राचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतले होते. ज्याने मूळ कल्पना उघडी ठेविली त्याने घेतले नाही, ज्यांनी ती उचलली त्यांनी घेतले. याबद्दल बॅबेज रुसला नाही. क्लेमंटशी हत्यारांवरून इतका भांडलेला हा माणूस कल्पनेच्या बाबतीत असा उदार कसा, हे कोडे आम्हांस बरेच दिवस पडले होते. आम्हांस वाटते, की हत्यारे हातातून गेली म्हणजे काम अडते, कल्पना दुसऱ्याच्या हाती गेली तर काम पुढे चालते, एवढा भेद त्याला दिसला असावा.

आज मुक्त सॉफ्टवेअर किंवा ओपन सोर्स या शब्दांनी जी चळवळ ओळखली जाते, तिचे मर्म याच्याशी फार जवळचे आहे. यंत्राला दिलेल्या आज्ञांचा मूळ मजकूर सर्वांस वाचता यावा, बदलता यावा आणि बदललेला पुन्हा वाटता यावा, असा तिचा आग्रह. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली तिचा पुकारा केला. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा आरंभ केला. मुलांशी बोलताना आढळते, की मुक्त म्हणजे फुकट अशीच त्यांची समजूत आहे. फुकट मिळालेला बंद डबा डबाच राहतो; झाकण उघडून आत पाहण्याची मोकळीक हा मुद्दा आहे. खेळण्याचे पोट फोडून पाहणाऱ्या त्या मुलास हे सांगावे लागले नसते.

बॅबेजनेही सगळेच उघडे ठेविले नाही, आणि त्याचे फळ त्यास मिळाले. शेकडो वर्षे अभेद्य मानली गेलेली व्हिजेनेर सांकेतिक लिपी त्याने १८५४ च्या सुमारास उकलली, पण ती रीत प्रसिद्ध केली नाही. १८६३ साली प्रशियाच्या कासिस्कीने ती स्वतंत्रपणे छापली आणि श्रेय घेतले. डोळ्याच्या आतील भाग पाहण्याचे उपकरण त्याने १८४७ साली करून एका शल्यवैद्यास दाखविले. वैद्याने ते बाजूस ठेविले, आणि १८५१ साली हेल्महोल्ट्झच्या उपकरणाने कीर्ती मिळविली. याउलट दीपगृहाचा प्रकाश ठरावीक अंतराने झाकून प्रत्येक दीपगृहास आपली ओळख द्यावी, ही कल्पना त्याने १८५१ साली छापून दर्यावर्दी देशांच्या सरकारांकडे पाठवून दिली. रात्रीच्या वेळी आग्वादच्या किनाऱ्यावर उभे राहून दीपगृहाची उघडझाप पाहिली, की ती कल्पना किती सोपी आणि किती उपयोगाची, हे कोणासही पटेल.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. बुद्धीचा खेळ यंत्राला खेळता येईल काय, असे बॅबेजने आपल्या स्नेह्यांस विचारून पाहिले. बहुतेकांनी नाही म्हटले. बुद्धिबळे खेळणारा म्हणून गाजलेला ‘तुर्क’ त्याने तरुणपणी पाहिला होता. पण त्याच्या पेटीत एक जिवंत माणूस दडविलेला असे. बॅबेजने विचारांती ठरविले, की यंत्रास खरोखर खेळता येईल, आणि आरंभासाठी फुलीगोळा निवडला. दोन चाली सारख्याच चांगल्या असतील तर यंत्राने काय करावे? त्याने आजवर किती डाव जिंकले याची मोजणी आपल्यापाशी ठेवावी. ती संख्या सम असेल तर एक चाल, विषम असेल तर दुसरी. बघणाऱ्यास वाटेल, की यंत्र मनाला येईल तसे खेळते! खेळाचा थाटही त्याने योजिला होता. दोन बाहुल्या, शेजारी एक कोकरू आणि एक कोंबडा. जिंकणाऱ्या बाहुलीने टाळ्या पिटाव्या व कोंबड्याने आरवावे, हरणारीने रडावे व कोकराने बें-बें करावे. आजच्या खेळांतील विजयाचे वाद्यघोष ऐकताना आम्हांस हटकून तो कोंबडा आठवतो. अशी यंत्रे गावोगाव दाखवून मोठ्या यंत्रासाठी पैसा उभारण्याचा त्याचा मानस होता. परंतु चौकशीअंती त्यास समजले, की लॅटिन कविता रचणाऱ्या एका यंत्राच्या प्रदर्शनात काहीच सुटले नाही, आणि लोकांचा पैसा गेला तो ‘जनरल टॉम थंब’ नावाच्या बुटक्या माणसाला पाहण्यात. तेव्हा त्याने तो नाद सोडला. चांदीची नर्तकी पुन्हा जिंकली, असेच म्हणावयाचे.

उतारवयात त्याचे नाव यंत्रांपेक्षा रस्त्यावरील वाजंत्र्यांशी केलेल्या भांडणांमुळेच लंडनभर झाले होते. खिडकीखाली पेटी वाजविणाऱ्यांविरुद्ध त्याने इतका आकांत केला, की १८६४ साली तसा कायदा झाला आणि गल्लीतील पोरे त्याच्या मागे लागून हुर्यो करू लागली. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी लंडनमध्ये त्याचे देहावसान झाले.

हिंदुस्थानातील नोकरीतून निवृत्त होऊन परतलेल्या हेन्रीने पुढे वडिलांचे लेख एकत्र करून १८८९ साली प्रसिद्ध केले. पहिल्या यंत्राच्या उरलेल्या सुट्या भागांतून त्याने लहान लहान नमुने जुळविले आणि निरनिराळ्या संस्थांना पाठविले. त्यांपैकी एक अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जाऊन धूळ खात पडला. तेथे तो १९३० नंतरच्या दशकात हॉवर्ड एकेन याच्या दृष्टीस पडला. १९४४ साली काम करू लागलेले हार्वर्डचे मोठे गणकयंत्र याच एकेनच्या योजनेतून उभे राहिले.

बॅबेजने १८४७ ते १८४९ या काळात दुसऱ्या डिफरन्स एंजिनाचे आराखडे काढले होते. सरकारने १८५२ साली ते नाकारले. लंडनच्या सायन्स म्यूझियममधील अभियंत्यांनी त्याच आराखड्यांवरून, त्याच्या काळी साधली असती तेवढीच अचूकता राखून, १९९१ साली त्याच्या द्विशताब्दीस त्या यंत्राचा गणना करणारा भाग पुरा केला. छपाईचा भाग २००२ पर्यंत झाला. यंत्रात सुमारे ८,००० भाग असून वजन पाच टन आहे. ते हाताने दांडा फिरवून चालविले जाते आणि ३१ अंकी उत्तरे बिनचूक देते. आराखड्यांत काही थोड्या चुका निघाल्या होत्या. त्या अभियंत्यांनी दुरुस्त करून घेतल्या.